वॅगनआरचा रेडिएटर ठिबकतोय, बजेट ५ हजार: पावडर टाकू, टाकी बदलू की नवाच बसवू?

वाईची_वॅगनआर

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची वॅगनआर, १ लिटर पेट्रोल, मॅन्युअल, ९४ हजार किमी झालेली. रिझर्व्ह बाटलीतलं कूलंट आठवड्याला अंदाजे ३०० मिली उतरतंय. रेडिएटरची काळी प्लास्टिकची टाकी अॅल्युमिनियमच्या जाळीला जिथे जोडली आहे, त्या पट्टीवर एका बाजूला पांढरट-हिरवट खपली धरली आहे. सकाळी गाडीखाली दोन-तीन थेंबांचा डाग असतो, पण गाडी चालवून आल्यावर बघितलं तर तीच जागा कोरडी. गाडी गरम झाल्याची कुठलीही खूण डॅशबोर्डवर अजून नाही.

महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं असतं आणि परतताना खंबाटकीचा चढ असतो, म्हणून काळजी वाटते. एक फिटर म्हणतो १५० रुपयांची लीक बंद करायची पावडर टाका, वर्षभर बघायला नको. दुसरा म्हणतो पूर्ण रेडिएटर बदला. कूलंटसकट ५ हजारांच्या वर जाता येणार नाही. काय करावं? आणि तोपर्यंत साधं पाणी भरत राहिलं तर चालेल का?

पान्हा_बारा_तेरा

आधी गळती एकच आहे ना, याची खात्री करा. खपली एका जागी दिसते म्हणून सगळं पाणी तिथूनच जातंय असं धरून चालू नका. आठवड्याला ३०० मिली आणि जमिनीवर रोज दोन-तीन थेंब, हा हिशेब जमत नाही. दोन-तीन थेंब म्हणजे जेमतेम पाव मिली. काही पाणी चालताना बाहेर पडून गरम जाळीवर वाळत असेल, पण बाकीचं कुठे जातंय ते शोधायलाच हवं.

इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन या जागा एकेक करून बघा: वरच्या आणि खालच्या होस पाइपची दोन्ही टोकं, खालचा ड्रेन प्लग, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक. पंपाचं सील गेलं की त्या भोकातून पाझर सुरू होतो आणि खाली वाळलेल्या कूलंटचा ओघळ राहतो. आत ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओलं लागलं, गोडसर वास आला किंवा काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल, तर हीटरची छोटी जाळी गळतेय. एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, ते स्वच्छ, बिनवासाचं आणि बोटाला न चिकटणारं असतं. कूलंट बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं.

पुढची पायरी प्रेशर टेस्ट. रेडिएटरवाल्याकडे हातपंप आणि घड्याळ असलेलं यंत्र असतं. कॅपच्या जागी ते लावायचं, कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि १५ मिनिटं काटा बघायचा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा असतो, जपानी घडणीच्या कॅपवर तोच ८८ किंवा १०८ असा किलोपास्कलमध्ये लिहिलेला असतो. त्याच्यापेक्षा जास्त दाब द्यायचा नाही, जुनी टाकी तिथेच तडकेल. काटा पडला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी इंजिनच्या आत जातंय. मग इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का, गार इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होस कडक होतो का, कॅप उघडी ठेवून चालू केल्यावर बुडबुडे सतत येत राहतात का, हे बघा. ही हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेल्याची लक्षणं. तसं निघालं तर रेडिएटरवर एक रुपयाही आत्ता घालू नका.

ही टेस्ट गार गाडीवरच करून घ्या. कारण पुढे सांगतो.

डाख_आणि_जाळी

"गार असताना गळतं, गरम झाल्यावर थांबतं" हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. प्लास्टिकची टाकी (काच-तंतू घातलेलं नायलॉन) आणि अॅल्युमिनियमची जाळी यांच्यामध्ये रबराचं सील असतं आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीचे दात टाकीच्या काठावर दुमडून ते दाबून धरतात. इतक्या वर्षांत रबर चपटं होऊन त्याच आकारात बसतं, त्याची उसळी जाते. गाडी गार झाली की टाकी आणि पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, केसभर फट उघडते आणि पाझर लागतो. गरम झाल्यावर सगळं फुगून फट मिटते. म्हणून संध्याकाळी गरम गाडी नेऊन टेस्ट केली तर रेडिएटर "पास" होतो आणि सकाळी पुन्हा डाग.

पावडर इथे का चालत नाही, तेही यातच आहे. पावडरीतले बारीक तंतू आणि कण पाण्याबरोबर फिरतात आणि जिथून पाणी बाहेर जातं तिथे अडकून गठ्ठा करतात. स्थिर भोक असेल, म्हणजे खडा लागून नळीला पडलेलं टाचणीएवढं छिद्र, तर गठ्ठा काही काळ टिकतो. तुमची फट रोज उघडते आणि मिटते. गठ्ठा बसतो, चुरडतो, सुटतो. सुटलेला माल जातो हीटरच्या जाळीत आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांच्या तळाशी. आतून नळ्या बारीक झाल्या की सपाट रस्त्यावर काही कळत नाही, पण दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना गाडी उकळते. १५० रुपयांत खंबाटकीचाच धोका विकत घेतल्यासारखं होईल.

हळदीचंही तेच. ट्रकवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, चमचाभर हळद टाकली की बारीक भोक बुजतं, आणि भर रस्त्यात दुसरं काही नसेल तर गावापर्यंत पोहोचायला ठीक आहे. पण त्यानंतर सगळं पाणी काढून धुवायलाच हवं. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरच्या नळ्या रुंद असत, डाख लावून पुन्हा उघडताही येत. आजच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांत तेवढी मोकळी जागा नाही.

एम-सीलबद्दल कोणी सांगण्याआधीच सांगतो: दुमडलेल्या पट्टीवर बाहेरून एम-सील थापू नका. नायलॉनवर ते धरत नाही आणि दाब आतून बाहेर असल्यामुळे पापुद्र्यासारखं उचललं जातं. एम-सील एकाच ठिकाणी कामाचं, जाळीच्या नळीतल्या छोट्या भोकाला. रेडिएटर रिकामा आणि कोरडा हवा, भोकाभोवतीचे पंख (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या घड्या) चिमट्याने काढायचे, पॉलिश पेपरने धातू खरवडायचा, थिनरने पुसायचा, दोन्ही भाग समान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे, भोकाच्या चारी बाजूंनी सेंटिमीटरभर पसरवायचं आणि पूर्ण दिवसभर सुकू द्यायचं. तरीही ती तात्पुरतीच मलमपट्टी. ओल्या किंवा तेलकट जागेवर लावलं तर पहिल्याच चढावर निघतं.

वाईची_वॅगनआर

खूप धन्यवाद. दोघांनी सांगितलं तसं रात्रभर गार झालेल्या गाडीवर सकाळी टेस्ट करून घेतली. ०.९ वर १५ मिनिटांत काटा ०.६ पर्यंत आला. पट्टीवर तीन दात सोडून एका जागी स्पष्ट पाझर, आणि वरच्या होसच्या क्लिपखालीही ओल निघाली. कार्पेट कोरडं, ऑइलच्या झाकणाखाली स्वच्छ, बुडबुडे नाहीत. कॅपचं रबर मात्र कडक झालेलं आणि त्यावर कंगोरा पडलाय.

आता टाकी बदलायची की रेडिएटर?

पान्हा_बारा_तेरा

३०० मिलीचा हिशेब जमला. कॅपचं रबर गेलं की ठरलेल्या दाबाआधीच पाणी बाटलीत ढकललं जातं आणि तिथून वाफ होऊन किंवा ओसंडून जातं. कॅपमध्ये दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली दाब धरते, मधली छोटी गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देते. छोटी झडप अडकली तर गार गाडीत वरचा होस पिचकलेला दिसतो.

दाबाची गरज कशासाठी हेही लक्षात घ्या. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, ०.९ बारच्या बंद सिस्टिममध्ये ११८ च्या आसपास. म्हणजे दीड-दोनशे रुपयांची कॅप तुम्हाला १८ अंशांची सवलत देते. नवी घेताना जुन्या आकड्याचीच घ्या. "जास्त दाबाची बसवा, गाडी गरम होणार नाही" असं सांगणारे भेटतील. इतक्या जुन्या टाकीवर १.१ ची कॅप बसवली तर दुसरी बाजूही गळेल.

रास्ता_पेठ_स्पेअर्स

टाकी की रेडिएटर, यावर थोडं खोलात.

टाकी बदलणं किंवा फक्त सील बदलून पट्टी पुन्हा दाबणं शक्य आहे, आणि मजुरीसह हजार-दीड हजारात होतं. दात पक्कडीने फक्त टाकी निघेल इतपतच उघडायचे, खाच स्वच्छ करायची, नवं सील कोरडं बसवायचं आणि समोरासमोरचे दात आळीपाळीने दाबायचे. एका टोकापासून सलग दाबत गेलं तर सील एका बाजूला सरकतं. सीलसोबत सिलिकॉन फासणाऱ्या कारागिराकडे देऊ नका. जादा सिलिकॉन आत सुटून नळ्यांच्या तोंडाशी बसतं. काम झाल्यावर पाण्याच्या टाकीत बुडवून, हवा भरून तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

पण अॅल्युमिनियमचे दात एकदा, फार तर दोनदा वाकवता येतात, मग तुटतात. शिवाय तुमच्या रेडिएटरची दुसरी टाकीही तेवढीच जुनी आहे आणि नायलॉन उष्णतेने ठिसूळ होतं. टाकीचा रंग काळ्याचा तपकिरी-करडा झाला असेल, होसच्या नळीशी बारीक चिरा दिसत असतील, तर दुरुस्तीचे पैसे वाया. जाळीचे पंख बोटाने हलके दाबून बघा. भुगा होऊन पडत असतील तर जाळीही संपली.

या गाडीचा बाहेरचा नवा रेडिएटर साधारण अडीच ते साडेतीन हजारांत मिळायला हवा. कंपनीच्या डब्यातलाच हवा असं नाही. बडोद्याची बँको किंवा टाटा ऑटोकॉम्पसारख्या कंपन्या रेडिएटर बनवण्यातच मुरलेल्या आहेत, त्यांचा माल घेतला तर पैसे वाचतात आणि चिंता राहत नाही. बिननावाचा हजार रुपयांनी स्वस्त मिळतो, पण त्यात जाळीची जाडी कमी असते. विकत घेताना जुना शेजारी ठेवून मोजा: जाळीची लांबी, रुंदी आणि विशेषतः जाडी, होसच्या नळ्यांचा व्यास, पंखा बसवायचे कान, खालच्या रबरी बुशांच्या खुंट्या. एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचे रेडिएटर वेगळे असू शकतात, तेव्हा चासी नंबर दाखवूनच घ्या.

भंगार बाजारातला जुना घेऊ नका. अपघातातल्या गाडीचा रेडिएटर समोरून पहिला मार खातो आणि उभ्या गाडीत पाणी सुकून आतून गंजलेला असतो. दरवाजा, आरसा, दिवा जुना घ्यावा. रेडिएटर नाही.

तुमच्या ५ हजारांचा हिशेब असा बसतो: रेडिएटर ३ हजारांच्या आसपास, कॅप २००, दोन्ही होस ७०० पर्यंत (फुगलेले किंवा दाबल्यावर करकरणारे असतील तरच, नाहीतर नुसत्या क्लिपा), कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिळून ५००. मजुरी ५००-६००, किंवा स्वतः केलंत तर शून्य. भावात गावागणिक फरक पडेल, पण मर्यादेत बसेल. याउलट गाडी एकदा कडक गरम झाली, अॅल्युमिनियमचं हेड वाकलं, की हेड उतरवणं, फेसिंग (ते घासून पुन्हा सपाट करणं), गॅस्केट, ऑइल मिळून खर्च पाच आकडी होतो. माझं मत स्पष्ट आहे: नवा बसवा.

डाख_आणि_जाळी

सहमत. स्वतः बसवणार असाल तर क्रम सांगतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गाडी रात्रभर गार. बॅटरीची ऋण तार काढा, पंखा विजेवर चालतो आणि बोट मध्ये असताना सुरू होणं परवडणारं नाही. खाली रुंद घमेलं ठेवून ड्रेन प्लग सैल करा, मग कॅप काढा, म्हणजे पाणी सरळ उतरेल. प्लग प्लास्टिकचा असतो, पक्कडीने पिळू नका. होस निघत नसेल तर ओढू नका, आधी जागेवर गोल फिरवून चिकटा सोडवा. मग पंख्याचा प्लग, पंख्याचे बोल्ट, वरचे कंस, आणि रेडिएटर सरळ वर.

इथे एक मोठी चूक होते. एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) रेडिएटरच्या अगदी पुढे असतो. त्याचे बोल्ट किंवा क्लिप सोडवून तो सुतळीने पुढच्या पट्टीला बांधून ठेवा. त्याच्या गॅसच्या नळ्या उघडायच्या नाहीत, वाकवायच्याही नाहीत. गॅस गेला की भरायला जाणारे पैसे तुमच्या बजेटमध्ये नाहीत.

नवा बसवताना खालचे रबरी बुश जुनेच वापरणार असाल तर तुटलेले नाहीत ना बघा. बुश नसेल तर गाडीचा सगळा हादरा थेट प्लास्टिकच्या टाकीवर येतो आणि नवा रेडिएटरही वर्षात तडकतो. होसच्या क्लिपा नळीच्या उंचवट्याच्या मागे ४-५ मिलिमीटरवर याव्यात, उंचवट्यावर नाहीत. स्क्रूच्या क्लिपा वापरल्या तर रबर किंचित दबेपर्यंतच आवळा. ताकद लावून आवळल्या की प्लास्टिकची नळी चिरते. मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा चांगल्या असतील तर त्याच ठेवा, गार-गरम होताना त्या स्वतःहून दाब सांभाळतात.

जुनं पाणी गढूळ किंवा तांबूस निघालं तर नवा जोडण्याआधी इंजिनमधून साधं पाणी स्वच्छ निघेपर्यंत वाहू द्या, नाहीतर तो गाळ नव्या जाळीत जाईल.

वाईची_वॅगनआर

पाण्याचा प्रश्न राहिलाच. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंटची गरज काय? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

पान्हा_बारा_तेरा

बर्फ हे कूलंटचं इथलं काम नव्हेच. इथे त्याची दोन कामं: गंज अडवणारी रसायनं पुरवणं आणि उकळबिंदू वाढवणं. अर्धं-अर्धं मिश्रण उघड्यावरही १०७ अंशांच्या आसपास उकळतं, कॅपचा दाब त्याच्यावर वेगळा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. गरम भागावर त्यांचा चुन्यासारखा थर बसतो, आणि क्लोराइड अॅल्युमिनियमला आतून टाचणीएवढी भोकं पाडतं. बाहेरून जाळी नवी दिसते आणि एके दिवशी मधूनच पाझरते.

तोपर्यंत पातळी भरायची असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, बॅटरीच्या दुकानात मिळतं. गार गाडीत, रेडिएटरमध्ये काठोकाठ आणि बाटलीत दोन खुणांच्या मध्ये. नुसती बाटली बघून समाधान मानू नका. कॅपची झडप अडकली असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. आणि डॅशबोर्डवर विसंबू नका. पाणी सेन्सरच्या खाली उतरलं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि इंजिन भाजत असतानाही सगळं ठीक दाखवतो.

नवं भरताना मॅन्युअलमधला लिटरचा आकडा बघा, त्याच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि निम्मं डिस्टिल्ड. एवढा खर्च नको असेल तर ३०-४० टक्के कॉन्सन्ट्रेटही इथल्या हवामानाला पुरतं, त्याखाली जाऊ नका, गंजरोधक पातळ होतो. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही. हिरवं, निळं, लाल या रंगांवरून जात ठरत नाही, तेव्हा जुन्यावर नवं मिसळू नका, पूर्ण काढून भरा.

हवा काढणं नीट करा. गाडीचं नाक वर येईल अशा उतारावर उभी करा, हीटरचा खटका पूर्ण लालवर, कॅप उघडी. हळू ओतत राहा, वरचा होस हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतात. इंजिन आयडलवर सुरू करून पातळी उतरेल तसं भरा. वरचा होस एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पाणी वर चढू लागलं की कॅप बसवा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कॅप उघडून भरा, साधारण पाव लिटर अजून बसतं. तिसऱ्या दिवशीही बघा. नंतरही उतरत राहिलं तर कुठेतरी गळती शिल्लक आहे.

रेडिएटर यायच्या आधी पुण्याला जावंच लागलं तर ५ लिटर पाणी बरोबर ठेवा आणि चढावर एसी बंद. दिवा लागलाच तर कडेला घ्या, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात लावा, काच उघडा. वाफ दिसत असेल तर इंजिन बंद करा. पाऊण तास कॅपला हात लावू नका. तापलेल्या कोरड्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर हेड तडकतं.

रास्ता_पेठ_स्पेअर्स

एक राहिलं. काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं आणि गुरंही चाटतात, आणि थोडंसंही जीवघेणं ठरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. जुना रेडिएटर भंगारात देताना प्लास्टिकच्या टाक्या काढून नुसती अॅल्युमिनियमची जाळी द्या, भाव जास्त मिळतो. तेवढ्यात तुमच्या नव्या कॅपचे पैसे निघतील.